कंपनी स्वतःचेच भाग विकत घेते तेव्हा

दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्राबाहेर येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतून जुनी लोखंडी ट्रंक उघडली, तर तळाशी काही कागद हमखास सापडतात. नेमणुकीच्या हुकुमाची नक्कल असते, जन्मपत्रिकांचा गठ्ठा असतो, आणि बहुधा एखाद्या गिरणीची किंवा कारखान्याची जाड कागदावर छापलेली भाग-प्रमाणपत्रेही असतात. दरबारी किंवा सरकारी नोकरीतून राहिलेली थोडी शिल्लक वडीलधाऱ्यांनी अशा भागांत गुंतविली. ते भाग विकण्यासाठी घेतलेले नव्हते. वर्षाकाठी लाभांश यावा आणि मूळ रक्कम मुलाबाळांसाठी राहावी, एवढीच अपेक्षा होती. ज्या कंपनीचे हे भाग, ती कंपनीच एक दिवस ते परत विकत घेऊ म्हणेल, ही कल्पना त्या पिढीला चमत्कारिक वाटली असती. त्या काळी ही गोष्ट कायद्यालाही मान्य नव्हती.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीचे पत्र आमच्या घरी आले. आपल्याकडील समभाग बाजारभावापेक्षा चढ्या दराने परत घेण्याची कंपनीची इच्छा आहे, असे त्यात म्हटले होते. घरात साहजिकच समाधान पसरले. परंतु एक प्रश्न मनात राहिला : कंपनीच्या तिजोरीतून हा पैसा आपल्याकडे येतो आहे, तर तो तिजोरीत कशासाठी ठेवला होता? बाजारात ज्याला ‘बायबॅक’ म्हणतात, त्या समभाग-पुनर्खरेदीचा इतिहास या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही पाहिला. तोच येथे मांडीत आहोत.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडातील एका फ्लॅनेलच्या कारखान्यापासून करावा लागतो. जेम्स स्कोफील्ड अँड सन्स या कंपनीने एका भागधारकाकडून स्वतःचेच भाग विकत घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर राहिलेली किंमत त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी मागितली, तेव्हा कंपनी बुडून तिचा कारभार परिसमापकाच्या हाती गेला होता. हा वाद ‘ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ’ या नावाने हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. १८८७ साली निर्णय झाला तो असा की, कंपनीला स्वतःचे भाग विकत घेण्याचा अधिकारच नाही.

या निर्णयामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत भागधारकाला मोठे संरक्षण मिळते. कंपनी बुडाली, तरी धनकोला भागधारकाच्या घरादाराकडे बोट दाखविता येत नाही. धनकोने विसंबायचे ते फक्त कंपनीत जमा असलेल्या भांडवलावर. व्यापारात तोटा होऊन ते भांडवल घटले, तर तो धोका धनकोने पत्करलेलाच असतो. पण तेच भांडवल मागच्या दाराने भागधारकांना परत दिले गेले, तर ती धनकोची फसवणूक ठरते. भागधारक आणि कंपनीची तिजोरी यांच्यामध्ये कायद्याने अशी एक भिंत उभी केली. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्यातील ७७ व्या कलमाने हीच भिंत कायम ठेवली.

धनको म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सावकार किंवा बँक येते. पण थकलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांपुरता कामगार हाही कंपनीचा धनकोच असतो. इंदूरच्या वाचकांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. तेथील हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा समारंभ झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या ३२ वर्षांत कित्येक कामगार निवर्तले आणि पैसे वारसांच्या हाती गेले. त्या गिरणीचा पुनर्खरेदीशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु तिजोरी रिकामी झाल्यावर रांगेत सर्वांत अधिक काळ कोण उभे राहते, हे त्या उदाहरणावरून कळते. १८८७ ची भिंत कोणासाठी होती, तेही त्यावरून कळते.

अमेरिकेत पुनर्खरेदीवर सरसकट बंदी नव्हती. पण १९२९ च्या कोसळणीनंतर १९३४ साली जो रोखेविनिमय कायदा झाला, त्याने बाजारभावाशी खेळ करणे गुन्हा ठरविले. कंपनीने स्वतःचे भाग मोठ्या प्रमाणावर घेतले, तर भाव फुगविल्याचा आरोप येण्याची धास्ती असे. ही धास्ती नोव्हेंबर १९८२ मध्ये दूर झाली. त्या वेळी तेथील रोखे आयोगाचे अध्यक्ष जॉन शॅड हे होते. ते स्वतः शेअरदलालीच्या पेढीतून त्या पदावर आले होते. आयोगाने ‘१०ब-१८’ हा नियम केला. दिवसाची खरेदी मागील चार आठवड्यांच्या सरासरी उलाढालीच्या २५ टक्क्यांच्या आत ठेवली आणि वेळ, भाव व दलाल यांविषयीच्या काही अटी पाळल्या, तर त्या खरेदीमुळे भाव फुगविल्याचा ठपका येणार नाही, असे अभय या नियमाने दिले.

विचारांच्या क्षेत्रात तयारी आधीच झाली होती. नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली प्रतिपादिले होते. व्यवस्थापक हे भागधारकांचे मुनीम असून त्यांच्या हाती मोकळा पैसा राहू देणे धोक्याचे, असा विचार पुढे मायकेल जेन्सन प्रभृतींनी मांडला. तो अगदीच चुकीचा नव्हता. रिकाम्या पैशाने भलत्याच धंद्यांत उड्या घेणारे संचालक त्या काळी कमी नव्हते.

पण मुनिमाने मालकाचे हित पाहावे, म्हणून मुनिमाचा पगारच भागाच्या भावाशी बांधण्यात आला. १९९३ च्या कायद्याने दहा लाख डॉलरांवरील वरिष्ठांच्या वेतनाला करातील वजावट नाकारली. मात्र कामगिरीशी निगडित वेतन त्यातून वगळले. त्यामुळे समभागांच्या रूपाने वेतन देण्याच्या प्रथेला जोर आला. कामगिरी मोजण्याची एक आवडती पट्टी म्हणजे प्रतिभाग उत्पन्न. समजा, एका कंपनीचा नफा १०० कोटी आणि भाग १० कोटी आहेत; प्रतिभाग उत्पन्न १० रुपये झाले. कंपनीने २ कोटी भाग परत घेऊन रद्द केले आणि नफा तेवढाच राहिला, तर तेच उत्पन्न साडेबारा रुपये होते. माल एका नगाने अधिक खपला नाही, एकही नवे यंत्र बसले नाही, तरी पट्टीवर २५ टक्के प्रगती दिसते.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम लॅझोनिक यांनी २०१४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये या प्रथेचा हिशेब मांडला. २००३ ते २०१२ या दहा वर्षांत अमेरिकेतील ४४९ मोठ्या कंपन्यांनी आपल्या नफ्यापैकी ५४ टक्के, म्हणजे २.४ लक्ष कोटी डॉलर, पुनर्खरेदीवर खर्च केले आणि आणखी ३७ टक्के लाभांशावर. व्यवसायवाढीसाठी आणि कामगारांचे वेतन वाढविण्यासाठी नफ्यातून फारच थोडे उरले, असे त्यांचे म्हणणे. यावर आक्षेपही आले. संशोधनाचा आणि पगाराचा खर्च वजा जाऊनच नफा निघतो, शिवाय कंपन्या नवे भागही विकतात आणि ते पैसे आत येतात, हे जेसी फ्राइड आणि चार्ल्स वांग यांनी २०१८ साली दाखवून दिले. सरासरीच्या आकड्यांवर हा वाद मिटण्यासारखा नाही. म्हणून एकाच कंपनीचा इतिहास क्रमाने पाहणे आम्हांला अधिक उपयुक्त वाटते. ती कंपनी म्हणजे विमाने बनविणारी बोईंग.

बोईंगची ‘७३७’ जातीची विमाने १९६७ पासून उडत आहेत. प्रतिस्पर्धी एअरबसने कमी इंधन पिणारे नवे विमान पुढे आणल्यावर २०११ मध्ये अगदी नवा आराखडा करण्याऐवजी जुन्याच ७३७ ला मोठी इंजिने बसविण्याचे बोईंगने ठरविले. त्यातून ‘७३७ मॅक्स’ जन्मले. ही निवड केवळ पैशाची नव्हती, वेळेचीही होती. परंतु याच काळात कंपनीचा पैसा कोणत्या दिशेने वाहत होता, हे पाहण्याजोगे आहे.

सिएटल परिसरातील यंत्रकामगारांपुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने एक प्रस्ताव ठेवला. निश्चित निवृत्तिवेतनाची जुनी योजना पुढे चालू राहणार नाही. हे मान्य असेल, तर ‘७७७ एक्स’ हे नवे विमान येथेच बनेल, नाही तर अन्यत्र जाईल. कामगारांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला. डिसेंबरच्या मध्यावर संचालक मंडळाने लाभांश सुमारे दीडपट केला आणि १० अब्ज डॉलरांची नवी पुनर्खरेदी मंजूर केली. ३ जानेवारी २०१४ रोजी पुन्हा मतदान झाले. ५१ टक्क्यांच्या निसटत्या बहुमताने कामगारांनी निवृत्तिवेतनावर पाणी सोडले. दोन्ही निर्णयांमध्ये तीन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

२०१३ ते २०१९ च्या आरंभापर्यंत बोईंगने पुनर्खरेदीवर सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे मॅक्स विमान समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे कोसळले, १५७ गेली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली एकाच संवेदकाच्या वाचनावर विसंबून होती आणि वैमानिकांना तिची पुरेशी माहिती दिलेली नव्हती, हे चौकशीत उघड झाले. जगभरची मॅक्स विमाने जमिनीवर आली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने पुनर्खरेदी थांबविल्याचे सांगितले.

पुनर्खरेदीमुळे विमाने पडली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आराखड्यातील चूक, प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी यंत्रणेची ढिलाई आणि घाई अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली होती. पण नंतरच्या वर्षांचा हिशेब मात्र पुनर्खरेदीशी थेट जोडता येतो. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा कंपनीजवळ शिल्लक तोकडी होती. तिने २५ अब्ज डॉलरांचे रोखे विकून कर्ज उभारले. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाच्या बाजूचा एक भाग आकाशातच निखळला. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्या भागाचे चार बोल्ट बसविलेलेच नव्हते, असे तपासात दिसले. विमानाचा सांगाडा बनविणारा विचिटा येथील कारखाना बोईंगने २००५ मध्ये विकून टाकला होता. २०२४ मध्ये तो परत घेण्याचा करार तिला करावा लागला. हीही एक पुनर्खरेदीच म्हणायची.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ३३,००० यंत्रकामगार संपावर गेले. दहा वर्षांपूर्वी गमावलेले निवृत्तिवेतन त्यांच्या मागण्यांत अग्रभागी होते. संप सात आठवड्यांहून अधिक चालला. चार वर्षांत ३८ टक्के पगारवाढ मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले नाही. संप चालू असतानाच कंपनीने सुमारे १७,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबरअखेर नवे समभाग विकून २० अब्ज डॉलरांहून अधिक भांडवल गोळा केले. त्या विक्रीचा भाव १४३ डॉलर होता. २०१८ मध्ये पुनर्खरेदी जोरात होती, तेव्हा भाव बहुतेक काळ ३०० डॉलरांच्या वर होता. महाग घेतले आणि स्वस्त विकले, असा हा व्यवहार. किराणा दुकानदारानेही तो टाळला असता.

ग्राहकाला याची झळ कशी लागते, याचे आणखी एक उदाहरण साउथवेस्ट या विमानकंपनीचे. डिसेंबर २०२२ मध्ये हिमवादळ आले. इतर कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची मात्र सुमारे १६,७०० उड्डाणे रद्द झाली आणि ऐन नाताळात सुमारे वीस लाख प्रवासी अडकले. वैमानिक आणि कर्मचारी कोणत्या विमानावर पाठवायचे, हे ठरविणारी संगणकव्यवस्था जुनी होती. ती बदलण्याची मागणी कर्मचारी संघटना कित्येक वर्षे करीत होत्या. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत कंपनीने पुनर्खरेदीवर ५.६ अब्ज डॉलर घालविले होते.

या अनुभवानंतर अमेरिकेने थोडी सावधगिरी दाखविली. मार्च २०२० च्या मदत कायद्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या विमानकंपन्यांना काही काळ पुनर्खरेदीची मनाई केली. १ जानेवारी २०२३ पासून पुनर्खरेदीच्या रकमेवर एक टक्का करही बसला. एवढ्याने प्रवाहाची दिशा बदलली, असे म्हणता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात ही भिंत ऑक्टोबर १९९८ मध्ये एका अध्यादेशाने उघडली आणि ‘७७-अ’ हे कलम कायद्यात आले. बाजार मंदावलेला होता, आणि बाहेरच्या कंपन्या येऊन आपल्या कंपन्या गिळतील, ही भीती उद्योगपतींना होती. परंतु भिंत पाडली नाही. तिला दार बसविले आणि दाराला कड्या लावल्या. भागभांडवल आणि खुला राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांहून अधिक खर्च करायचा नाही. पुनर्खरेदीनंतर कर्ज भांडवल-निधीच्या दुपटीवर जाऊ द्यायचे नाही. घेतलेले भाग रद्द करून टाकायचे. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्याच्या ६८ व्या कलमात हेच बंधन राहिले. प्रतिज्ञापत्राचीही एक कडी आहे : कंपनी एका वर्षाच्या आत दिवाळखोर होणार नाही, असे संचालकांनी लिहून द्यायचे.

सुरुवातीच्या मोठ्या व्यवहारांपैकी एक पुण्याचाच. बजाज ऑटोने २००० साली ४०० रुपये भावाने १ कोटी ८० लाख भाग घेतले. खर्च ७२० कोटी रुपये. पुढे संगणकसेवा कंपन्या या मार्गावर आल्या. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने २०१७ मध्ये १३,००० कोटींची पहिली पुनर्खरेदी केली. टाटा कन्सल्टन्सीने २०१७ ते २०२३ या काळात पाच वेळा मिळून ८३,००० कोटी रुपये या मार्गाने परत दिले. त्यांतील मोठा वाटा अर्थातच मुख्य भागधारक टाटा सन्सकडे गेला. या कंपन्या कर्जबाजारी नाहीत आणि बोईंगशी त्यांची तुलना करणे योग्य नव्हे. तथापि जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि कौशल्ये बदलत्या कामाला जुळत नाहीत, असे कारण सांगितले. तेव्हा आमच्या मनात सरळ प्रश्न आला. ८३,००० कोटींतील एखादा हिस्सा माणसांना वेळेवर नवे शिकविण्यासाठी बाजूला ठेवला असता, तर? दोन्हींत कार्यकारणसंबंध आहे, असा आमचा दावा नाही. पण आपल्यांतील कितीतरी घरांची मुले पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथील अशाच कचेऱ्यांत कामाला आहेत. प्रश्न विचारण्याचा अधिकार तेवढ्याने तरी पोहोचतो.

सरकारचे लक्ष आजवर मुख्यतः करावर राहिले. २०१३ मध्ये बाजारात नोंद नसलेल्या आणि २०१९ मध्ये नोंद असलेल्या कंपन्यांनी पुनर्खरेदीवर २० टक्के कर भरावा, असे ठरले. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम लाभांशाप्रमाणे भागधारकाच्या उत्पन्नात धरावी, असे ठरविण्यात आले. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे; कामगार आणि ग्राहक यांचा विचार मात्र त्यात नाही.

या सर्व इतिहासातून आम्हांला जे दिसते, ते थोडक्यात असे. कायदा संचालकांना एका वर्षाचे भविष्य विचारतो. नव्या विमानाच्या आराखड्याला दहा वर्षे लागतात. कामगाराचे निवृत्तिवेतन तीस वर्षांचे असते आणि पुलावरून किंवा विमानातून जाणाऱ्या ग्राहकाचा विश्वास त्याहूनही लांब पल्ल्याचा. सुगीच्या वर्षांतील शिल्लक ही दुष्काळाच्या वर्षांसाठी असते, हे आपल्या घरांतील कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. कणगी उपसून वाटली, तर वाटणीच्या दिवशी सर्वच आनंदात असतात. दुष्काळात मात्र वाटणी घेतलेले भागधारक भाग विकून निघून गेलेले असतात. कारखान्यात कामगार उरतो आणि दुकानात ग्राहक.

म्हणून पुनर्खरेदी सर्वस्वी वाईट, असे आमचे मत नाही. खरोखर वापरता न येणारा पैसा धन्याला परत देणे प्रामाणिकपणाचे आहे. पण असे पत्र घरी आले, तर भावाचा रकाना पाहण्याआधी आणखी काही रकाने पाहावेत. कंपनी कर्ज काढून तर खरेदी करीत नाही? गेल्या पाच वर्षांत यंत्रे, संशोधन आणि माणसांचे शिक्षण यांवर तिने काय खर्च केला? वरिष्ठांचे वेतन भागाच्या भावाशी बांधलेले आहे काय? ही माहिती बहुतांशी वार्षिक अहवालात छापलेली असते, वाचणारा पाहिजे. भागधारकांच्या सभेत हे विचारण्याचा हक्क दहा भागांच्या धन्यालाही आहे.

आमच्या घरी आलेल्या पत्राचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आम्ही अर्ज भरला. देऊ केलेल्या भागांपैकी थोडे कंपनीने घेतले आणि पैसे खात्यात जमा झाले. म्हणजे या व्यवहाराबाहेर उभे राहून आम्ही बोलत नाही. राहिलेले भाग अजून घरात आहेत. त्यानंतर वार्षिक अहवाल आला की लाभांशाच्या पानावर न थांबता आम्ही पुढची पाने वाचू लागलो आहोत. वडिलांनी हे भाग ज्या भरवशाने घेतले होते, तो भरवसा त्या पुढच्या पानांतच कोठेतरी असावा, असे वाटते.